सोनेगावचं न उडणारं विमान

खिडकीची जागा मिळावी म्हणून मी 300 रुपये जास्तीचे मोजले आणि नेमकी चुकीची खिडकी घेतली.

2013 चा मे महिना. मामेबहिणीचं लग्न हे घरी सांगायचं कारण. खरं कारण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर धावपट्टीपासून जेमतेम 90 मीटरवर उभं होतं. एका खासगी कंपनीचं बोइंग 720. जुलै 1991 मध्ये बिघाड झाला म्हणून ते इथं उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. उपग्रह नकाशात त्याची बाजूसुद्धा पाहून ठेवली होती. पण पायलट धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडून उतरवणार ते वाऱ्यावर ठरतं, एवढी अक्कल मला हवी होती. चाकं टेकली आणि पलीकडच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, ''अगं, ते बघ जुनं विमान!'' माझ्या खिडकीत नुसतं वाळलेलं गवत.

लग्न झालं. मांडवात घामाच्या धारा, पंगतीत सांबारवडी, बाकी काही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी मामांना गळ घातली. भर दुपारी, कारण सकाळी ते पाहुणे पोचवायला स्टेशनवर. तोंडाला दुपट्टा बांधून, मामींनी बळेच कोंबलेला कांदा खिशात घेऊन, स्प्लेंडरवर मागं बसलो. कुंपणाच्या बाहेरून दिसली ती फक्त शेपटी, तीही झुडपांच्या वर, उन्हात थरथरणारी. पण शेपटीच्या शेंड्यावरून पुढं निघालेली ती सुई दिसली! रेडिओच्या अँटेनाची सुई, बोइंगच्या 707 या मोठ्या प्रवासी जेटच्या घराण्याची खूण. मी दुपट्टा सोडून बघत राहिलो.

''अबे, हे भंगार पाहाले पुण्याहून आला का तू?'' मामा म्हणाले.

मग तिथंच, गाडी सावलीत लावून, मामांना सगळं ऐकवलं. हा 707 चा धाकटा भाऊ. आखूड, हलका, लहान धावपट्ट्यांसाठी केलेला. नावही आधी 707-020 होतं, युनायटेड एअरलाइन्सच्या म्हणण्यावरून 720 केलं. 1960 मध्ये सेवेत आला खरा, पण चार-चार इंजिनं पोसून जवळचे पल्ले मारणं कुणाला परवडणार? चारच वर्षांत तीन इंजिनांचं 727 आलं. 727 बनली 1832, ही बनली 154. बोइंगचं फारसं बुडालं नसावं, कारण बराचसा आराखडा 707 चाच होता. खरं दिवाळं पाहायचं तर कॉन्व्हेअर या दुसऱ्या कंपनीचं 990 जेट पाहावं, ती 37 वरच थांबली.

''मंग बाकीच्यायचं का झालं?'' मामांना आता थोडा रस वाटू लागला होता.

एक तर मुद्दाम पाडलं, म्हटलं. 1 डिसेंबर 1984 ला नासा आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं कॅलिफोर्नियात एक 720 वैमानिकाविना, जमिनीवर बसून रिमोटनं उडवून आपटलं. आत माणसांऐवजी पुतळे. इंधनात आग रोखणारं एक द्रव्य मिसळलं होतं, तरी भडका उडालाच. कॅनडात एक इंजिनांच्या चाचण्यांसाठी कितीतरी वर्षं उडत होतं, तेही 2012 च्या मेमध्ये संग्रहालयात जाऊन बसलं.

''म्हणजे आता एकबी उडत नाही?''

''एकही नाही.''

मामांनी शेपटीकडं पुन्हा एकदा पाहिलं. तेवढ्यात शिटी वाजवत एक जवान आला, फोटो काढू नका म्हणाला. मी काढलेच नव्हते, मोबाइल उन्हानं तापून बंद पडला होता. कुणाला हौस असेल तर एवढंच सांगेन की मेमध्ये जाऊ नका. पण मला सुट्टी मेमध्येच मिळते.

परतीला हुशारी केली. येताना डावीकडं बसलो होतो, म्हणून उजवी खिडकी घेतली. वारा फिरला होता. विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उडालं आणि डावीकडचे लोक पुन्हा माना वळवून बघू लागले. मला परत गवतच.

2015 मध्ये एका संध्याकाळी मामांचा फोन आला. पेपरात बातमी होती म्हणे, विमान तिथून हलवलं, धावपट्टीपासून 600 मीटर लांब नेऊन ठेवलं.

''चोवीस वर्षांनी हाललं बाप्पा तुह्यं विमान,'' मामा म्हणाले. ''अन् पार्किंगचे पैसे कोन देणार हाये?''