पुण्याहून सँडविकेनला परतताना

दापोडीच्या सँडविक कारखान्याचं मूळ गाव म्हणजे स्वीडनच्या यास्त्रिकलांड प्रांतातलं सँडविकेन. १८६२ साली योरान फ्रेडरिक योरान्सन यांनी स्टूरशेन तळ्याकाठी इथे पोलादाचा कारखाना काढला आणि त्याभोवती गाव वाढलं. पुण्यात काही वर्षं काढून अशा गावी परतणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः घरात एक जोडीदार मराठी असेल तर, थंडीपेक्षा कागदपत्रांचा क्रम जास्त छळतो. म्हणून आधी त्याबद्दल.

वर्षभर किंवा त्याहून जास्त राहायचं असेल तर पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कर खात्याकडे, म्हणजे स्काटेवेर्केटकडे, रहिवासी नोंद करायची असते. त्यासाठी सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, पासपोर्ट घेऊन सेवा केंद्रात हजर राहायचं. पूर्वी स्वीडनमध्ये नोंद असलेल्यांचा वैयक्तिक क्रमांक तोच राहतो. भारतीय जोडीदाराने निवास परवान्याचा अर्ज भारतात असतानाच करावा. नोंदीसाठी परवाना किमान वर्षभराचा लागतो.

घोडं अडतं ते विवाह आणि जन्माच्या दाखल्यांवर. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं फक्त पहिलं नाव: आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण तिथल्या अधिकाऱ्यासमोर त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. नावं पुण्यातच दुरुस्त करून घ्या. मग राज्याचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) करून मूळ प्रती हातातल्या सामानात ठेवा. स्वीडनमध्ये बसून हे करायला महिने जातात.

नोंद झाली की ओळखपत्र, मग बँक खातं, मग बँकआयडी, म्हणजे बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख. हा क्रम उलटा होत नाही. बँकआयडी नसेल तर मोबाइलवरून पैसे देण्याचं स्विश चालत नाही, दवाखान्याच्या ११७७ संकेतस्थळावर आत शिरता येत नाही, पाळणाघराचा अर्जही अडतो. स्वीडिश जोडीदाराने परदेशात असताना जुनं खातं बंद करू नये आणि बँकआयडीची मुदत संपायच्या आत नूतनीकरण करून घ्यावं. माझ्या मते परतीच्या तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. जुन्या स्वीडिश नोटांचा भरवसा धरू नका: २०१५ ते २०१७ या काळात नोटा बदलल्या, त्याआधीच्या नोटा दुकानात चालत नाहीत.

पाळणाघराची जागा नगरपालिकेने अर्जापासून चार महिन्यांत द्यायची असते, तेव्हा तारीख मोजून आधीच अर्ज करा.

गाडीशिवाय अशा गावी हाल होतात. भारतीय परवाना रहिवासी नोंदीपासून एकच वर्ष चालतो, बदलूनही मिळत नाही. पुण्याच्या रहदारीत वीस वर्षं गाडी चालवली असली तरी लेखी परीक्षा, धोक्यांविषयीचे दोन्ही वर्ग (दुसऱ्यात निसरड्या मार्गावर गाडी चालवायला लावतात) आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावीच लागते. पहिल्या महिन्यातच सुरुवात करा. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता बर्फाळ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे, त्यांच्या खाचांची खोली किमान ३ मिलिमीटर. खिळ्यांचे टायर १ ऑक्टोबरपासून १५ एप्रिलपर्यंत चालतात. रात्री इंजिन तापवणारा हीटर टायमरवर लावावा: शून्य ते उणे १० अंशांत तासभर पुरतो, त्याखाली दीड तास. रात्रभर चालू ठेवून फक्त बिल वाढतं.

डिसेंबरात दिवस साडेपाच-पावणेसहा तासांचा. दुपारच्या सुट्टीत बाहेर पडा, आणि मुलांच्या जाकिटाला दोन्ही बाजूंनी चमकत्या पट्ट्या लटकवा. अंधारात गाडीवाल्याला मूल दिसतं ते त्यामुळेच.

माणसांचं म्हणाल तर शेजारी आपणहून चहाला बोलावतील याची वाट पाहू नका. पुण्याहून आलेल्यांना हा तुटकपणा वाटतो आणि तो मनाला लागतो. पण त्यांना तुमच्या घरात न डोकावणं हाच मान ठेवणं वाटतं. ओळखी संस्थांमधून होतात: बँडीचा (बर्फावर चेंडूने खेळायच्या खेळाचा) क्लब, गायनवृंद, इमारतीचा वसंतातला सफाईचा दिवस. त्या दिवशी फावडं घेऊन वेळेवर खाली उतरा, कॉफीच्या सुट्टीपर्यंत थांबा. पुढच्या वेळी जिन्यात भेटलेला माणूस नावाने हाक मारतो. हुद्दा, वय काही असो, सगळ्यांना एकेरी पहिल्या नावानेच बोलावतात. मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर शाळेत ती ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत अवघडून उभी राहत नाहीत.

आणि मराठीचं. मातृभाषेच्या शिक्षणाची सोय शाळेत आहे, पण नगरपालिकेवर ती द्यायचं बंधन येतं ते किमान पाच मुलांची मागणी असेल आणि योग्य शिक्षक मिळत असेल तरच. छोट्या गावात पाच मराठी मुलं जुळणं कठीण, तरी अर्ज भरून ठेवा: तुमचा अर्ज नसेल तर पुढच्या कुटुंबाच्या वेळीही मोजणी शून्यापासूनच सुरू होईल.