शिल्लक

परवा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भाच्याने मला त्याच्या संगणकासमोर बसवले आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सुरू करून दिला. गाव वसवून लढाया करण्याचा हा खेळ १९९९ साली आला, म्हणजे भाच्याहून वयाने मोठा आहे. तरीही शिकवणारा तो आणि शिकणारा मी, अशी विभागणी झाली. बुद्धिबळात आपली चाल येईपर्यंत निदान पाणी पिऊन येता येते. इथे आपण विचार करत बसलो, तरी समोरच्याची माणसे लाकडे तोडतच असतात.

सुरुवातीला पदरी तीन व्हिलेजर, म्हणजे राबणारे गावकरी, एक घोडेस्वार, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने आणि २०० दगड असतात. संसार मांडायला एवढे पुष्कळ झाले, असे मला मनापासून वाटले. दोघांना घरे बांधायला लावले, उरलेल्याला मेंढ्यांकडे पाठवले, घोडेस्वाराला आसपासचा काळोख उजळायला धाडले आणि साठा हळूहळू वाढताना पाहत राहिलो. लाकूड हजारावर गेले तेव्हा पासबुकात व्याज जमा झाल्यावर होतो तसा आनंद झाला.

“मामा, एवढं लाकूड कशाला राखून ठेवलंय? लग्न आहे का कुणाचं?” भाच्याने विचारले.

त्याचे म्हणणे असे की, नवशिक्याचा पहिला दोष लढाईत दिसत नाही, तो तिजोरीत दिसतो. एक व्हिलेजर ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो आणि कामाला लागल्यावर स्वतःची किंमत अडीच-तीन मिनिटांत फेडतो. व्हिलेजर जिथे तयार होतात ते टाउन सेंटर पाच मिनिटे रिकामे राहिले, की न जन्मलेल्या बारा जणांचे कष्ट बुडाले. साठवलेले लाकूड झाडे तोडत नाही की शेत करत नाही. हिशेब बिनतोड होता. तो कळत असूनही माझा हात मात्र काही केल्या खर्चाच्या बटणाकडे वळेना.

याला इलाज नाही, कारण मी ज्या घरात वाढलो तिथे शिल्लक हाच सद्गुण होता. भेटवस्तूंचे कागद चिकटपट्टी अलगद सोडवून गादीखाली जात आणि नवे टॉवेल पाहुण्यांची वाट पाहत कपाटात पिवळे पडत. शोकेसमध्ये सहा कपांचा एक संच होता. पांढरा, कडेला सोनेरी रेघ असलेला. आम्ही चहा स्टीलच्या पेल्यांतून पीत असू. पाहुणे येत, त्यांनाही रोजच्याच कपांतून चहा मिळे, कारण ते पाहुणे कधीच पुरेसे मोठे नसत. त्या कपांना शोभेल असा माणूस यायचा होता. आई गेल्यावर शोकेस आवरताना ते खाली काढले. सहाही कप धड होते, एकाचाही कान उडालेला नव्हता, आणि एकाच्या पोटात दुकानदाराने कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा तसाच होता.

भाच्याला यातले काही सांगितले नाही. तो पुढचा धडा देत होता: अन्न ५०० झाले की लगेच फ्यूडल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या पुढच्या युगात जायचे, साठा शंभराच्या आसपास खेळवायचा आणि रिकामा बसलेला व्हिलेजर दिसला की त्याला कामाला जुंपायचे. मी मान डोलावली आणि नवा डाव मांडला. या वेळी अन्न खर्चले, लाकूडही बऱ्यापैकी खर्चले. तरी विसाव्या मिनिटाच्या सुमारास लाल रंगाचे घोडेस्वार आले आणि माझी शेते ओस पडू लागली.

“मामा, दगड आहेत ना? टॉवर बांधा!”

दगड होते, चांगले ५७५ होते. पण किल्ल्याला ६५० लागतात, आणि ७५ साठी आता कुठे मोडायचे, म्हणून मी तसेच राहू दिले.