क्लॅव्हिकॉर्ड लॉग, भाग ७ : स्पर्धेचा व्हिडिओ आणि अडून बसलेला धैवत

मागच्या भागात क्लॅव्हिकॉर्डला (पियानोच्या आधीचं, अगदी हळू आवाजाचं कळपट्टीचं वाद्य) तारा लावून थांबलो होतो, त्यानंतर तीन महिने काही लिहिलं नाही कारण मधेच भाचीने ठरवलं की तिला अर्ली कीबोर्डच्या, म्हणजे जुन्या कळपट्टीच्या वाद्यांच्या स्पर्धेत भाग घ्यायचाय. २१ वर्षांखालचा गट, पहिली फेरी व्हिडिओवर. हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड, ऑर्गन काहीही चालेल, पण प्रत्येक पीस एका टेकमध्ये, हात दिसले पाहिजेत, एडिटिंग नाही. ताई म्हणाली बारावीचं वर्ष आहे, मी म्हटलं आहे खरं, आणि आम्ही दोघांनी फॉर्म भरून टाकला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. वाद्य मी घरीच बनवलंय, चार सप्तकं, फ्रेटेड. पेटी सागवानाची, लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, टँजंटची (की दाबली की तारेवर आपटणारं पातं) पितळी पट्टी बोहरी आळीतून. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाचं किंवा प्लास्टिकचं टोक तार छेडून निघून जातं, क्लॅव्हिकॉर्डमध्ये पितळेचा टँजंट तारेवर आदळतो आणि की दाबून ठेवाल तोवर तिथेच टेकून राहतो. म्हणजे तुमचं बोट तारेला लागलेलंच असतं म्हणा ना. फ्रेटेड म्हणजे शेजारच्या दोन सुरांना मिळून एकच तारांची जोडी : सी आणि सी शार्प (त्याच्या लगेच वरची काळी पट्टी) एका जोडीवर, जी आणि जी शार्प एका जोडीवर, असं. डी आणि ए तेवढे स्वतंत्र. टँजंटच्या डावीकडची तार गप्प राहावी म्हणून तिथे लोकरीची पट्टी विणतात, मी हौसेने घोंगडीची लावली होती, फारच जाड निघाली, आता बाबांच्या जुन्या ब्लेझरच्या पट्ट्या आहेत. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पीसेसवरून बरीच वादावादी झाली. तिला सी. पी. ई. बाखचं १७८१ चं ते रोंडो वाजवायचं होतं, आपला झिल्बरमानने बनवलेला क्लॅव्हिकॉर्ड शिष्याला देताना त्याने निरोपाचं म्हणून लिहिलेलं. पण त्याला मोठं अनफ्रेटेड वाद्य पाहिजे, माझ्यावर कसं वाजणार. शेवटी दोन ठरले. एक थोरल्या बाखचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, डी मायनर इन्व्हेन्शन (दोन हातांचा छोटा पीस), चौथं, कारण १७२३ च्या त्या वहीच्या पहिल्याच पानावर त्याने लिहिलंय की वाजवण्यात गाण्यासारखी ढब यावी म्हणून हे आहे, आणि तसं वाजतंय का ते क्लॅव्हिकॉर्डवर लगेच कळतं, लपवता येत नाही. दुसरं सतराव्या शतकातल्या फ्रोबर्गरचं ब्लांक्रोशेरवरचं तोंबो, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीतला पीस. ब्लांक्रोशेर हा पॅरिसचा ल्यूट वाजवणारा, १६५२ मध्ये जिन्यावरून पडून गेला, फ्रोबर्गर त्या वेळी तिथे होता, आणि पीस संपतो तो थेट खर्जापर्यंत घरंगळत जाणाऱ्या सुरावटीने. भाचीला हे सांगितल्यावर आधी हसली, मग दोन दिवस तेवढी शेवटची ओळच वाजवत बसली. वर सूचना अशी की अगदी सावकाश, आपल्या मर्जीने, कुठलाही ताल न पाळता. पियानो शिकलेली मुलं इथे गडबडतात, मनात एक दोन तीन चार चालूच असतं. ही लहानपणी चार वर्षं सतार शिकली आहे. मी म्हटलं आलाप समज, ठेका अजून सुरू झालेला नाही. सुटला प्रश्न.

सुटला नाही तो दाब. कीबोर्डवर वाढलेला हात, जोर लावायची सवय. क्लॅव्हिकॉर्डवर जोर लावला की टँजंट तार वर ढकलतो, ताण वाढतो आणि सूर चढतो. पहिला महिना सगळं बेसूर. दोष वाद्याचा की बोटांचा हे कळेना म्हणून मी रोज ट्यून करत बसायचो, त्यात पावसाळा, साउंडबोर्ड फुगून पिच आपोआप चढलेलं, ४१५ हर्ट्झला लावलेला ए सकाळी ४२० च्या पुढे. सिलिका जेलच्या पुड्या आणि वर जाड चादर, एवढाच उपाय केला. बाकी तिच्याकडून रोज अर्धा तास फक्त एकेक सूर धरून ठेवायचा रियाझ करून घेतला, ट्यूनरचा काटा हलता कामा नये. फार कंटाळवाणं काम, पण साधारण पाचव्या आठवड्यात काटा थांबायला लागला.

आणि मग धैवत. मी वाद्य क्वार्टर कॉमा मीनटोनला, म्हणजे सूर लावायच्या एका जुन्या पद्धतीने, लावलंय. त्यात मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग एवढं अंतर) अगदी शुद्ध, कानाला गार वाटतात, पण जी शार्प आणि ए फ्लॅट हे एकच सूर राहत नाहीत, त्यांच्यात ४१ सेंटचा फरक पडतो (अख्खा सेमीटोन १०० सेंटचा). कळपट्टीवर मात्र दोघांना मिळून एकच काळी पट्टी. तोंबो सी मायनरमध्ये, म्हणजे सी ला सा धरला तर कोमल धैवत पाहिजे, ए फ्लॅट. इन्व्हेन्शनमध्ये ए मायनरकडे जाताना जी शार्प लागतो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मामा, हा ध पार उतरलाय." बरोबरच होतं, अतिकोमल ऋषभ-धैवत ऐकलेल्या कानालासुद्धा तो खाली वाटत होता.

हार्पसिकॉर्डवर अशा वेळी ती एक तार वर चढवायची की झालं. फ्रेटेडवर तार चढवली तर त्याच जोडीवरचा जी पण चढतो, त्यामुळे टँजंटच पक्कडीने उजवीकडे, ब्रिजच्या (तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या) बाजूला वाकवावा लागतो, वाजणारी लांबी कमी होते आणि फक्त तेवढाच सूर चढतो. वाकवला. तोंबो मस्त झालं आणि इन्व्हेन्शनमधला ई मेजर कॉर्ड (त्यात जी शार्प असतो) लांडग्यासारखा ओरडायला लागला. परत डावीकडे वाकवला. असं चार वेळा केल्यावर टँजंट लाकडात हलायला लागला आणि मी पक्कड ठेवून दिली.

तोडगा तिचा, माझा नाही, हे मुद्दाम लिहितोय. म्हणाली टँजंट मधोमध ठेव, वीसेक सेंट मी दाबून चढवते. सतारीत मींड घेताना तार ओढतोच की! एवढे आठवडे जी खोड मोडायला घालवले तीच आता फक्त एका पट्टीपुरती परत आणायची, ती पण कॉर्डमधली बाकीची बोटं न चढवता. बेबुंग म्हणून जो बोट हलवून सूर डुलवायचा प्रकार पुस्तकांत सापडतो त्याचंच हे थांबलेलं रूप आहे असं मला वाटतं, जाणकारांनी कान धरावा. तोंबो संथ असल्यामुळे जमतं. इन्व्हेन्शनमध्ये जी शार्प वीस सेंट चढा लागतो, पण भराभर सुरांच्या पळापळीत निघून जातो.

आता रेकॉर्डिंग. आम्ही नारायण पेठेत, खाली नदीपात्र, महिना ऑगस्ट. संध्याकाळी सहाला ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू होते ती रात्री दहापर्यंत. मला ढोल आवडतो, मी स्वतः तीन वर्षं पथकात होतो, पण ज्या वाद्याचा आवाज सीलिंग फॅनखाली बुडतो त्याने ढोलासमोर काय करायचं. दिवसा रिक्षा. म्हणून पहाटे साडेतीन. फ्रिज बंद, फॅन बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये, आणि पाचला सोसायटीचा पंप सुरू होतो ती खरी डेडलाइन. फोनचा माइक आपोआप गेन वाढवतो आणि सूर विरला की नुसती खरखर, त्यामुळे मित्राचा रेकॉर्डर आणून वाद्यापासून हातभर अंतरावर ठेवला.

इन्व्हेन्शन दुसऱ्या टेकला झालं. तोंबोचा पहिला टेक माझ्या शिंकेने गेला, दुसऱ्यात उतरताना वरचा सूर सुटायच्या आत त्याच जोडीवरचा खालचा दाबला गेला, मग तो वाजतच नाही, नुसतं टक्. तिसरा ताईने उठून "चहा ठेवू का" विचारल्यामुळे. चौथा चार सत्तेचाळीसला सुरू झाला आणि सुंदर झाला, धैवत प्रत्येक वेळी जागेवर, फक्त शेवटची सुरावट खाली उतरत असताना खिडकीत एक पारवा घुमला. ती थांबली नाही. पाचवा टेक घ्यायला वेळ होता. ती म्हणाली नको, हाच पाठवू. मी म्हटलं परीक्षक काय म्हणतील, ती म्हणाली त्यांच्याकडे पण पारवे असतील.

पाठवला. निकाल नोव्हेंबरात. सध्या तो जी शार्पचा टँजंट फारच हलतोय, कागदाची पाचर मारून ठेवलीय, कीमधली चीर न वाढवता नवीन टँजंट कुणी बसवला असेल तर सांगा, फेविक्विक सोडून.