आमची वाटचाल : ६० ट्रॉल्या आणि एक मल्टिमीटर

उसाच्या ट्रॉल्यांना जीपीएस बसवायचं आमचं काम. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा मी आणि पार्टनर, दोघंच. तो आधी यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायचा. सगळी जमा घालून आम्ही पहिल्यांदा घेतला तो मल्टिमीटर, म्हणजे करंट मोजायचं साधन, मायक्रोअँपिअरपर्यंत (अँपिअरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत) मोजणारा. आजही तोच वापरतो.

ट्रकला जीपीएस कोणीही बसवतो, गाडीची बॅटरी असतेच. उसाच्या ट्रॉलीला कुठली बॅटरी? म्हणून स्वतःच्या बॅटरीवर चालणारं, ती पुरावी म्हणून एरवी झोपणारं आणि हललं की जागं होणारं यंत्र. २०१७ च्या हंगामात ६० ट्रॉल्यांना बसवली, त्यातल्या १४ मोहोळकडच्या आण्णांच्या. पुरवठादार म्हणाला होता, तीन महिने चार्जिंगला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी नकाशावरनं ट्रॉल्या दिसेनाशा झाल्या. पुरवठादार म्हणतो, फिटिंग तुमचंच चुकलं. दुसऱ्या एका बसवणाऱ्यानं कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून आमचं नाव खराब केलं. दोन महिने गाळ्याचं भाडं थकलं.

आण्णा एवढंच म्हणाले, "ट्रॉली फडात उभी हाय, या आन् बघा."

रात्री फडात बसलो, मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत मधे जोडला. ट्रॉलीत मोळी पडली, धप्प! मायक्रोअँपिअरवरचा आकडा उडी मारून हजारपट मोठ्या मिलिअँपिअरवर. तो खाली उतरायच्या आत दुसरी मोळी. हालचाल ओळखणारा सेन्सर अख्खी रात्र जागा राहिला तरी नावाला खातो. खाणारे दोघं वेगळेच : उपग्रह शोधणारं जीपीएस आणि टॉवर गाठणारा मोडेम. टूजी मोडेम पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. त्यात यंत्र ट्रॉलीच्या पत्र्याखाली, वर ऊस, आभाळ दिसेना. शोधणं थांबतच नव्हतं. सरासरी २५ मिलिअँपिअर भरली. ५००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) बॅटरीला २०० तास. आठ दिवस! फिटिंगची जागा आमची चुकली, ती मी कबूल करतो. पण सेटिंग पुरवठादाराचं होतं.

मग एका धक्क्यानं जागं व्हायचं नाही, हालचाल १० सेकंद सलग हवी, असं बसवलं. ट्रॅक्टर उभ्याउभ्या थरथरतो म्हणून सेन्सरची संवेदनशीलता कमी केली. ९० सेकंदांत जागा सापडली नाही तर शेवटची जागा कळवून झोपायचं. रेंज नसेल तर नोंदी साठवायच्या, एकदम पाठवायच्या. यंत्रं पत्र्याखालून काढून पुढच्या दांडीवर, आभाळाकडं तोंड करून लावली. तो हंगाम निघाला. पुढची वर्षं सुरळीत गेली.

यंत्र घेणाऱ्यांनी झोपेतला करंट स्वतःसमोर मोजून घ्यावा, कागदावरचा धरू नये. ट्रॉलीची खबर दर १० सेकंदांनी मागू नका. चालताना पाच मिनिटांनी, उभी असताना दिवसातून दोनदा पुरते.

आण्णांनी त्या हंगामात आमचा एकही हप्ता अडवला नाही. त्यांच्या १४ ट्रॉल्यांच्या आता ३१ झाल्यात, सगळ्यांवर आमचंच यंत्र. त्या पुरवठादाराकडनं मात्र ६० यंत्रांपैकी एकाचाही रुपया परत आलेला नाही.