“सर, श्वास कधी घ्यायचा?”

दादरच्या एका शाळेचा हॉल. पाचवी-सहावीची ४० मुलं. नुकतंच संगीतात एम.ए. झालेल्या सरांनी हात खाली आणला आणि एकच गाणं चार कोपऱ्यांतून चार वेळा सुरू झालं. तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलीने हे विचारलं.

प्रश्न चोख होता. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, हात पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. इशारा एक मात्रा, म्हणजे एक ठोका, आधी द्यायचा: त्याच लयीत हात वर आणि सरांनीही सगळ्यांना दिसेल असा श्वास घ्यायचा. मुलं हातापेक्षा तोंडाकडे जास्त बघतात. हात पेटीत अडकले असतील तर निदान मान हलवा.

दुसरी गोची पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरायचा याची. सरांना काळी एक सोयीची, पण मुखडा मंद्र पंचमाला (खालच्या ‘प’ला) उतरला की मुलं नुसती पुटपुटतात. तोच त्याहून उंच पांढरी पाचमध्ये घेतला की आवाज खुलतो. चाल तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) चढत असेल तर मात्र पांढरी दोन बरी, नाहीतर किंचाळ्या.

पदवीला राग, घराणी, ख्याल सगळं होतं, पण एकट्याच्या गळ्यासाठी. शाळेत मिळते ३५ मिनिटांची तासिका, त्यातली ५ रांगा लावण्यात जातात. एखाद्या समूहगायनाच्या वृंदात दोन वर्षं मागच्या रांगेत गायलं तरी हाताचा अर्थ कळू लागतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत समोर २० मुलं उभी करून “आता यांना गायला लावा” असं कुणी सांगतं का हो?