तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी रिकाम्या खुर्च्या मोजतो

‘काय हो, तुमच्या मेटालिकाची तिकिटं खपेनात म्हणे. संपले का ते?’

2022 च्या डिसेंबरपासून, म्हणजे त्यांच्या एम72 दौऱ्याची तिकिटं विक्रीला आल्यापासून, हा प्रश्न मला विचारला जातोय. आधी बँडवर जीव असणारे काळजीने विचारायचे. मग ज्यांना बँड कधीच आवडला नव्हता ते विचारू लागले, चेहऱ्यावर ते ठरावीक हसू घेऊन. आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: ‘तुम्ही रोज रात्री तिकिटांच्या साइटवरचा तो सीट मॅप उघडून नेमकं बघता तरी काय?’ दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून टाकतो. मेटालिका म्हणजे अमेरिकेतला हेवी मेटल बँड, याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. ज्याला ठाऊक नाही तो मला हे विचारायला येत नाही.

पहिलं म्हणजे, मॅपवरचा निळा ठिपका म्हणजे न विकलेली खुर्ची, हे समीकरण डोक्यातून काढा. विक्रीच्या पहिल्या दिवशी सगळ्या जागा बाजारात येतच नाहीत. काही आयोजकांकडे राखून असतात, काही बँडकडे, काही अशा की स्टेज आणि साउंडचे टॉवर उभे राहीपर्यंत तिथून दिसेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. या जागा हळूहळू सोडतात, कधी शोच्या आदल्या दिवशी. म्हणजे काल मोजलेले ठिपके आज वाढलेले दिसतात आणि लोक बोंब मारतात, ‘बघा, तिकिटं परत यायला लागली!’ परत कुठली, ती तर पहिल्यांदाच बाहेर आली. त्यात पुनर्विक्रीवाल्यांच्या जागा दुसऱ्या रंगात मिसळलेल्या. एकच चित्र बघून एकाला बँड बुडालेला दिसतो आणि दुसऱ्याला शो हाउसफुल्ल.

शिवाय या दौऱ्याची मांडणी बघा. नेहमीच्या स्टेडियम शोमध्ये स्टेज एका टोकाला असतं आणि त्याच्या मागच्या खुर्च्या मुळात विकायलाच काढत नाहीत. एम72 दौऱ्यात स्टेज मैदानाच्या मध्यभागी, कड्यासारखं गोल. कड्याच्या आत प्रेक्षक, बाहेर प्रेक्षक, ड्रमचे चार संच चार बाजूंना, आणि ड्रमर लार्स उलरिक रात्रभर एकावरून दुसऱ्यावर. चहूकडच्या खुर्च्या विक्रीला. चाहते तेवढेच, जागा कितीतरी जास्त. मग मॅप जास्त निळा दिसणार नाही तर काय होणार?

आणि शुक्रवार-रविवारचं गणित. एकाच शहरात दोन रात्री, दोन्ही रात्रींची गाणी वेगळी, एकही पुन्हा नाही. चाहत्याला यापेक्षा काय हवं? पण मध्ये शनिवार मोकळा. बाहेरगावच्या माणसाला तीन रात्री मुक्काम आणि सोमवारची रजा. सुरुवातीला तर विकायला काढला तो फक्त दोन दिवसांचा पास. एकेका दिवसाची तिकिटं जानेवारी 2023 मध्ये आली. नवा अल्बम यायचा होता 14 एप्रिलला. न ऐकलेल्या अल्बमसाठी, साडेचार महिने आधी, पूर्ण वीकेंडचे पैसे मोजा म्हटल्यावर माणूस थांबणारच. थांबला म्हणजे त्याने बँड सोडला असं नाही.

हे सगळं मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. 2018 मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या स्टेडियम दौऱ्याची तिकिटंही ‘खपत नाहीत’ म्हणून केवढी टिंगल झाली होती. काळा बाजार करणाऱ्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ती मुद्दामच संथ विकली होती. शेवटी त्या दौऱ्याने अमेरिकेतल्या कमाईचा रोलिंग स्टोन्स या बँडचा तोवरचा विक्रम मोडला. हा दाखला मी इतक्यांदा दिलाय की समोरचा आता ‘टेलर स्विफ्ट सांगू नका’ अशीच सुरुवात करतो.

आता वकिली बाजूला ठेवून सांगतो. हा सगळा युक्तिवाद बरोबर आहे, आणि तो करताना माझ्या पोटात गोळा असतो. माझ्याकडे काही या बँडचे शेअर्स नाहीत. खुर्ची रिकामी राहिली तर माझं एक पैशाचं नुकसान नाही. उलट रांग छोटी, पार्किंग सोपं. तरी निळा ठिपका दिसला की माझीच कुणी लाज काढल्यासारखं वाटतं.

यावरूनच मित्राशी बिनसलं. ते सांगायचं नव्हतं, पण ते सोडून बाकी सांगितलं तर उत्तर अर्धंच राहील.

आम्ही शेजारशेजारचे पास घेतले होते, पहिल्याच दिवशी, खालच्या मजल्यावर. पुढे त्याने नोकरी बदलली आणि सोमवारी सकाळी हजर राहणं भाग झालं. शुक्रवार बघायचा, रविवार विकायचा, असं त्याने ठरवलं आणि रविवारची जागा विकायला लावली. पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. त्याने भाव उतरवला. पुन्हा कुणी नाही.

त्याच दिवसांत आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मी रोज रात्री मॅपचा फोटो टाकत होतो. नुसता नाही, रंगवून. कुठल्या भागात किती उरल्या, कालच्यापेक्षा किती कमी झाल्या. लोक वाट बघायचे. मलाही, खरं सांगायचं तर, ते वाट बघणं आवडायचं. एका रात्री त्याचा फोन आला.

‘तो फोटो काढून टाक.’

‘का?’

‘माझ्या पुढच्या ओळीतल्या जागा रिकाम्या दाखवतोयस. मूळ विक्रीत तिथल्या मिळत असताना माझी कोण घेईल?’

‘त्या काय मी रिकाम्या केल्या?’

‘दवंडी तर तूच पिटतोयस ना?’

मी म्हटलं, मॅप सगळ्यांना दिसतो, मी फक्त रंग भरतो. तो म्हणाला, मॅप दिसतो सगळ्यांना, पण बघत कुणी नाही. तू बघायला लावतोस. मग मी नको ते बोललो, की तुला बँडचं पडलेलं नाही, तुला तुझे पैसे सोडवायचेत. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘आणि तुला शो नकोच आहे. तुला तुझा आकडा खरा ठरलेला बघायचाय.’ फोन ठेवला.

फोटो मी काढला नाही. आजही काढणार नाही. खरी गोष्ट झाकून तिकीट विकणं हे काम आयोजकांचं, माझं नाही. पण त्याचं शेवटचं वाक्य खोडून काढायला मी तेव्हापासून मुद्दे जमवतोय आणि अजून पुरेसे जमलेले नाहीत.

शुक्रवारी आम्ही शेजारी बसून सगळी गाणी म्हटली आणि मधल्या वेळात फक्त रांगेबद्दल बोललो. रविवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मॅपवर ती ‘विकलेली’, कारण विकली गेलीच होती, त्याच्या पैशाने. आणि पुढच्या ओळीतल्या त्या जागा, ज्या मी आदल्या रात्रीपर्यंत निळ्या रंगवल्या होत्या, त्या भरलेल्या. चार पोरं, जेमतेम कॉलेजातली. तिकिटं दुपारी फोनवर घेतली, म्हणाले, माझ्या निम्म्याहून कमी भावात. त्यातल्या एकाने वळून विचारलं, ‘इथं कुणी येणार आहे का? बॅग ठेवू?’ मी ‘येतोय’ म्हटलं. कुणी येणार नव्हतं. त्याने बॅग मांडीवर घेतली आणि दोन तास तशीच मांडीवर ठेवली.

‘येतोय’ का म्हटलं, हे मला विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मी यावर फिदीफिदी हसला असता. त्याचं मत पक्कं होतं: विक्रीचे आकडे हा कारकुनांचा विषय, संगीत ऐकणाऱ्याने त्यात नाक खुपसू नये. आणि महाग तिकीट म्हणजे सरळ दरोडा. त्याला मी आज सांगतो, बाबा रे, स्वस्त ठेवलं की मधला फरक दलाल खातो. तो म्हणतो, म्हणून दलालाच्या दराने बँडनेच विकायचं का? इथं मी जरा गप्प होतो. कारण 2022 मध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या तिकिटांचे भाव मागणी बघून चढवले गेले, काही तिकिटं हजारो डॉलर्सवर गेली, आणि 1980 पासून त्याच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या ‘बॅकस्ट्रीट्स’ या नियतकालिकाने फेब्रुवारी 2023 मध्ये गाशा गुंडाळला. त्याची तिकिटं खपत नव्हती असं नाही. पण चाळीस वर्षं ज्यांनी त्याची वही ठेवली, तेच उठून गेले. रिकाम्या खुर्च्यांच्या कुठल्याच मॅपवर हे दिसलं नसतं.

‘मग छोट्या जागी वाजवा की,’ हा पुढचा सल्ला. द ब्लॅक कीज या रॉक बँडने 2024 मध्ये अमेरिकेतला मोठ्या हॉलांचा अख्खा दौरा रद्द केला आणि लहान जागांकडे वळू म्हणून सांगितलं. प्रामाणिकपणा म्हणा, नाचक्की म्हणा, दोन्ही म्हणणारे भेटले. उलट यू2 या आयरिश बँडचा 1997 चा पॉपमार्ट दौरा: अमेरिकेत काही स्टेडियममध्ये भकास मोकळे पट्टे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीत रेज्जो एमिलियाला दीड लाखाच्या आसपास माणसं. बँड तोच, गाणी तीच, स्टेजवरचं ते राक्षसी लिंबूही तेच. अमेरिकेत बघणाऱ्याने ‘संपले’ म्हटलं असतं आणि इटलीतल्याला ते ऐकूही गेलं नसतं.

तेव्हा ‘संपले का’ला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. 2023 ला सुरू झालेला दौरा 2025 मध्येही स्टेडियम घेत फिरत होता. तोट्यात इतकी वर्षं कुणी फिरवत नाही. हे उत्तर दिल्यावर तुम्ही म्हणता, ‘मग मोजता कशाला?’

मला स्वतःला छोटी जागा आवडते. तिथे गिटारवरची बोटं दिसतात, स्टेडियममध्ये पडदाच बघावा लागतो. तरी या बँडने स्टेडियम सोडावं असं मला वाटत नाही, आणि कुणी सोडायला सांगितलं की मी भांडायला उठतो. मित्राला हे पटत नाही. त्याने पुढच्या वेळी मला कळवलं नाही. दुसऱ्यांकडून समजलं की या खेपेला त्याने शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबून तिकीट घेतलं, मॅप बघत बघत.