36 करारनामे आणि एक रूपरेषा

आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत उभी राहून 20 हून अधिक वर्षे झाली होती, तरी जमीन विकासकाच्याच नावावर होती. सर्वसाधारण सभेने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीम्ड कन्व्हेयन्सचा (विकासकाने करून न दिलेले जमिनीचे हस्तांतरण सरकारी आदेशाने संस्थेच्या नावे करून घेण्याचा), ठराव केला आणि सचिव या नात्याने कागदपत्रे जमवण्याचे काम माझ्याकडे आले. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, 1963 च्या कलम 11 नुसार जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा हा अर्ज तसा आटोपशीर असतो. खरा पसारा जोडपत्रांचा असतो. 36 सदनिकांचे करारनामे, त्यांची सूची क्रमांक 2 (म्हणजे दस्तनोंदणीचा गोषवारा), मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र, आणि या प्रत्येकासाठी कोणाला तरी भेटणे किंवा पत्र लिहिणे.

सुरुवातीला मी एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रत्येक सदनिकेला एक ओळ दिली, पण एका सदनिकेची हकीकत एका ओळीत मावत नाही. मूळ खरेदीदाराने सदनिका विकलेली असते, पहिला करारनामा बँकेकडे तारण असतो, मालक निवर्तलेले असतात आणि वारसांपैकी एक परदेशी असतो. हे सारे मी ‘शेरा’ या रकान्यात लिहीत गेलो आणि दोन महिन्यांत तो रकाना मलाच वाचवेना.

एका भाचीने मला इमॅक्स या मजकूर-संपादकातील ऑर्ग-मोड, म्हणजे टिपणे आणि कामे रूपरेषेत मांडण्याची सोय, दाखवला. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 2003 मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी तो लिहायला घेतला होता. ओळीच्या आरंभी एक तारा दिला की मथळा, दोन तारे दिले की उपमथळा. टॅब दाबला की शाखा मिटते, पुन्हा दाबला की उलगडते. इमॅक्सच्या कळा बोटांत बसायला मला तीन आठवडे लागले, आणि ते कष्ट खरे आहेत हे कोणापासून लपवू नये.

पहिली रूपरेषा मी चुकीची बांधली. ‘कागदपत्रे’, ‘माणसे’ आणि ‘कामे’ अशा तीन मोठ्या शाखा केल्या. तिन्ही नीटनेटक्या दिसत, परंतु सदनिका क्रमांक 14 विषयी काही विचारले की मला तिन्हींत शोधावे लागे. मग मी ‘कामे’ ही शाखाच मोडली आणि प्रत्येक काम ज्या कागदासाठी होते त्या कागदाखाली नेले. ऑल्ट आणि बाणाच्या कळीने अख्खी शाखा, तिच्या पोटातल्या साऱ्या टिपणांसह, वर-खाली सरकते. सोबत शिफ्टही दाबली तर डाव्या-उजव्या बाणाने तिची पातळी बदलते. त्या एका रात्रीत मी बहुधा 200 नोंदी हलवल्या, आणि हलवताना लक्षात आले की पाच सदनिकांचे काम एकाच गोष्टीवर, दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणाऱ्या जुन्या करारनाम्यांच्या प्रतींवर, अडले होते. तक्त्यात ते पाच वेगवेगळे शेरे होते. इथे पाचही एका मथळ्याखाली आले आणि एकाच फेरीत मी सर्व अर्ज दिले.

कामाची स्थिती दाखवणारे शब्द आपल्याला हवे ते ठेवता येतात. मी ‘करायचे’, ‘थांबले’ आणि ‘झाले’ असे मराठीच ठेवले. माझ्या मते यांतला ‘थांबले’ सर्वांत मोलाचा, कारण अशा प्रकरणात निम्मी कामे आपल्या हातात नसतातच. केवळ ‘थांबले’ असलेल्या नोंदी उघडून दर शनिवारी मी फोन करायला बसत असे. मुदत लिहिलेली नोंद मुदतीच्या 14 दिवस आधीपासून रोजच्या यादीत दिसू लागते, त्यामुळे सुनावणीची तारीख कधी अंगावर आली नाही.

काही गोष्टी जमल्या नाहीत. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने ऑर्ग-मोडमधील तक्ते वाकडे दिसत, आणि थेट पीडीएफ करताना मराठी मजकूर नीट उमटेना. म्हणून मी ओडीटी फाइल काढून लिब्रेऑफिसमधून छपाई केली. सुनावणीला नेलेल्या धारिकेची अनुक्रमणिका ही त्या रूपरेषेचीच पहिल्या दोन पातळ्यांची छापील प्रत होती.

आदेश मिळाला, दस्त नोंदला गेला, आणि यंदा सचिवपद दुसऱ्या सदस्यांकडे गेले. ते इमॅक्स वापरत नाहीत. पण फाइल साध्या मजकुराची असल्याने त्यांनी ती नोटपॅडमध्ये उघडली आणि तारे मोजत वाचली. मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लागणे तेवढे अजून ‘थांबले’ या शब्दापुढे आहे, आणि त्याखाली भूमी अभिलेख कार्यालयात पुढे कधी जायचे ती तारीख मी लिहून ठेवली आहे.